तेत चुंग थू घरी करायचा तर: ताट, केक आणि पपनसाचा कुत्रा

व्हिएतनामचा हा चंद्राचा सण म्हटला की सगळे आधी मूनकेकचंच, म्हणजे त्या सारण भरलेल्या नक्षीदार गोड केकचंच, विचारतात, कुठे मिळतो, व्हेज असतो का, घरी जमतो का. ते सगळं सांगते, पण आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, इथे केक म्हणजे सण नाही. सण म्हणजे ते ताट, त्याला इथे माम को म्हणतात, आणि चंद्र वर आला की पोरं त्या ताटावर तुटून पडतात तो कार्यक्रम, त्याला फा को. केकचे लाल-सोनेरी बॉक्स दहा ठिकाणी वाटले आणि घरात ताटच मांडलं नाही तर ती ऑफिसची भेट झाली, सण नाही झाला, असं आमच्या हनोईच्या घरमालकीण आजी दरवर्षी सुनेला ऐकवतात (सून दरवर्षी ऐकून घेते आणि केक विकतचेच आणते, ते असो).

तारीख आधी बघून घ्या. व्हिएतनामी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा असते. आपल्या हिशोबाने बहुतेक वेळा भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे गणपती गेले की लगेच. २०२६ ला २५ सप्टेंबर, शुक्रवार, त्या दिवशी आपली अनंत चतुर्दशीच आहे, आणि २०२७ ला १५ सप्टेंबर. मधूनच एखाद्या वर्षी सण महिनाभर पुढे सरकतो कारण त्यांचा जादाचा महिना आणि आपला अधिक मास एकाच वर्षी येतो असं नाही. २०२५ ला त्यांचा सहावा महिना दोनदा आला आणि सण गेला ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागिरीला, मग काय, आम्ही एकाच गच्चीवर मसाला दूधपण आटवलं आणि मूनकेकपण कापले. सार्वजनिक सुट्टी मात्र नसते, ऑफिस शाळा सगळं चालू, सगळी मजा संध्याकाळनंतरची.

आता केक. दोन मुख्य प्रकार. बान्ह नुओंग म्हणजे भाजलेला, ब्राऊन, ओव्हनमधला. आणि बान्ह झेओ म्हणजे न भाजलेला, पांढराशुभ्र, चिकट तांदळाच्या पिठाचा, मऊ आणि थोडा चिवट. जगभर जो फोटोत दिसतो तो नुओंग, पण पहिल्यांदा करणाऱ्याने झेओच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. ओव्हन नको, अंडं नको, बिघडायला जागा कमी, आणि उकडीचे मोदक ज्याला जमतात त्याच्या हाताला पारी-सारण हे गणित शिकवावं लागत नाही.

व्हेजवाल्यांनी इथे थांबून नीट वाचा. विकतच्या नुओंगमध्ये सगळ्यात पारंपरिक सारण म्हणजे थाप काम, मिक्स. त्यात काजू, तीळ, कलिंगडाच्या बिया, पाकवलेला कोहळा, कमळाच्या बिया हे सगळं असतंच पण त्यासोबत लाप सुओंग म्हणजे डुकराचं गोडसर सॉसेज आणि साखरेत मुरवलेली डुकराची चरबी पण असते, ती पारदर्शक दिसते आणि खाताना कळतसुद्धा नाही. मुगाचा किंवा कमळाच्या बियांचा केक घेतला तरी आत खारवलेलं अंड्याचं पिवळं असू शकतं. बॉक्सवर चाय असं लिहिलेलं शोधा, ते शाकाहारी. दुकानदाराला तोच एक शब्द विचारा, सगळ्यांना कळतो. घरी करणार असाल तर प्रश्नच मिटला.

सामान. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिकट तांदळाचं पीठ, ग्लुटिनस राईस फ्लोअर. मोदकाची पिठी चालत नाही, अजिबात नाही, आंबेमोहोरची असो की बासमतीची. चिकट तांदळात अमायलोज जवळपास नसतंच म्हणून तो तसा ताणतो, आपल्या तांदळात ते असतं म्हणून केक खडबडीत होऊन फुटतो. ऑनलाईन किंवा मोठ्या शहरांतल्या एशियन सामानाच्या दुकानात थाई पाकिटं मिळतात. व्हिएतनाममध्ये असाल तर बोत बान्ह झेओ नावाने आधीच भाजलेलं पीठ मिळतं, ते आणा. कच्चं मिळालं तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सतत हलवत भाजायचं, आठ-दहा मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास गेला पाहिजे आणि चिमूटभर जिभेवर ठेवलं तर पिठूळ लागता कामा नये. मग गार करून दोनदा चाळायचं. ही पायरी गाळू नका, हा केक नंतर शिजत नाही, पीठ कच्चं राहिलं तर पोट बिघडणार.

साचा मूनकेकचाच घ्या, प्लास्टिकचा दट्ट्यावाला, वेगवेगळ्या मापांचे येतात, १५० ग्रॅमचा हनोईत घरोघरी चालतो. लाकडी साचे हनोईच्या जुन्या भागात हांग क्वात गल्लीत मिळतात, कमळ, मासा, डुक्कर असे कोरलेले, दिसायला फार भारी, पण केक बाहेर काढायला साचा उलटा करून ओट्यावर जोरात आपटावा लागतो, शेजारी वैतागतात.

सारण मुगाचं करूया. १५० ग्रॅम पिवळी मूग डाळ चार तास भिजवायची, वाफवायची किंवा कुकरला अगदी कमी पाण्यात शिजवायची, पाणी सुटलं असेल तर निथळून टाका. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, मिक्सरपेक्षा त्याचा पोत कितीतरी चांगला येतो. मग नॉनस्टिक पॅनमध्ये डाळ, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, आणि ५० मिली तेल, ते एकदम नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं. शेंगदाण्याचं घाणीचं नको, वासाचं होतं, साधं सूर्यफूल घ्या. मंद आचेवर आटवत राहायचं आणि पुरणाची परीक्षा इथेही लागू, उलथना मधोमध उभा राहिला पाहिजे. पण पुरणापेक्षा दोन पावलं पुढे जायचं, गोळा पॅनपासून पूर्ण सुटून एकत्र फिरायला लागला पाहिजे, गार झाल्यावर हाताला चिकटता कामा नये. ओलं सारण राहिलं तर दुसऱ्या दिवशी केक खालून पसरतो आणि वरची नक्षी गायब. वेलची घालायचा हात शिवशिवेल, घालू नका, एक तर तो मुगाचा साधा वास हवा असतो आणि दुसरं म्हणजे बाहेरच्या पारीला फुलांचा वास येणार आहे.

तो वास पपनसाच्या फुलांचा. झेओची खरी ओळख तीच. व्हिएतनाममध्ये त्याच्या छोट्या बाटल्या मिळतात, भारतात ऑरेंज ब्लॉसम वॉटर म्हणून अरबी सामानाच्या दुकानात जे मिळतं ते जवळचं आहे. केवडा नको, तो सगळ्यांवर चढतो.

पारीसाठी २५० ग्रॅम साखर आणि १५० मिली पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की दोन-तीन मिनिटं ठेवा, चार थेंब लिंबू पिळा आणि बंद. तारेचा पाक करायचा नाही. पूर्ण गार होऊ द्या, मग एक चमचा फुलांचं पाणी आणि एक चमचा तेल त्यात घाला. आता इथे एक गंमत आहे, आपण पिठात पाणी घालतो, इथे उलटं, पाकात पीठ घालायचं. मोठ्या बाऊलमध्ये साधारण ३२० ग्रॅम पाक मोजून घ्या, उरलेला बाजूला, आणि भाजलेलं २०० ग्रॅम पीठ वरून भुरभुरत सिलिकॉनच्या चमच्याने भराभर फिरवत राहा. सुरुवातीला वाटतं हे किती पातळ आहे, चला अजून पीठ घालू. घालू नका. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ पाक पिऊन घेतं आणि गोळा आपोआप घट्ट होतो. आत्ता बोटाला थोडं चिकटतंय असं असेल तर बरोबर आहे, आत्ताच कोरडं वाटलं तर उद्या दगड होणार. मग ओट्यावर थोडं पीठ शिंपडून दोन मिनिटं मळायचं, गुळगुळीत होईपर्यंत.

१५० ग्रॅमच्या साच्याला १०० ग्रॅम पारी आणि ५० ग्रॅम सारण. पाच केक होतात, सारण थोडं उरतं, ते मुलं खातात. पारीची वाटी करायची, कडा पातळ आणि मध्ये जाड, सारणाचा गोळा ठेवून बंद करायचा, हवा आत राहू द्यायची नाही. साच्यात आणि गोळ्यावर भाजलेलं पीठ अगदी पुसटसं लावा, जास्तीचं झटका, नाहीतर नक्षीच्या खोबणीत पीठ बसतं आणि फुलाच्या पाकळ्या भरून निघतात. गोळा साच्यात टाकून सपाट ओट्यावर साचा धरून दट्ट्या दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे, मग हळू वर उचलायचा. पहिला केक वाकडाच येतो, सगळ्यांचा येतो.

लगेच कापू नका. डब्यात ठेवून रात्रभर राहू दे, दुसऱ्या दिवशी पारी थोडी पारदर्शक होते, चकाकी येते, तेव्हा तो खरा झेओ. फ्रीजमध्ये तर नकोच, कडक होतो. बाहेर तीन दिवस राहतो, मुंबईसारख्या दमट हवेत दोन धरा.

ओव्हन असेल आणि हौस असेल तर नुओंग. याची तयारी मात्र तीन आठवडे आधी सुरू होते कारण त्याचा पाक मुरावा लागतो. एक किलो साखर, ६०० मिली पाणी, दोन लिंबांचा रस, अननसाच्या दोन चकत्या टाकल्या तर उत्तम. उकळी आली की आच एकदम बारीक आणि त्यानंतर चमचा अजिबात लावायचा नाही, हलवलं की साखर परत दाणे धरते. कडेला दाणे दिसले तर ओल्या ब्रशने पुसा. पाऊण तास ते तासभर, मधासारखा रंग येईपर्यंत. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला तर लगेच विरघळता कामा नये, तळाशी बसला पाहिजे. काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या कपाटात. काही घरांत गेल्या वर्षीचा पाक या वर्षी वापरतात, जितका जुना तितका केकचा रंग सुंदर.

पीठ: २०० ग्रॅम मैदा, १४० ग्रॅम हा पाक, ४० ग्रॅम तेल, एका अंड्याचं पिवळं, पाव चमचा खाण्याचा सोडा. हलक्या हाताने एकत्र करायचं, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही, तिंबलं की ओव्हनमध्ये नक्षी ताणून पसरते. पाऊण तास झाकून. इथे प्रमाण उलटं होतं, ५० ग्रॅम पारी आणि १०० ग्रॅम सारण, त्यामुळे पारी पातळ लाटावी लागते आणि तिथेच हात बसायला वेळ लागतो. आठ केक होतात, म्हणजे सारण ८०० ग्रॅम लागेल, वरच्या मुगाच्या मापाची साधारण अडीचपट तयारी ठेवा.

२०० डिग्रीला दहा मिनिटं, बाहेर काढा, वरून पाण्याचा बारीक फवारा मारा (नाहीतर तडे जातात), दहा मिनिटं गार होऊ द्या, मग अंड्याचा पातळ हात, अगदी पातळ, ब्रश निथळून घ्यायचा कारण जाड थर खोबणीत साचतो. परत पाच-सात मिनिटं. पुन्हा एकदा तेच. ओव्हनमधून आल्या आल्या केक बिस्किटासारखा कडक लागतो आणि लोक घाबरून मेसेज करतात की बिघडला का. नाही बिघडला. दोन दिवस डब्यात ठेवा, सारणातलं तेल पारीत उतरतं आणि ती मऊ होते. म्हणून सणाच्या दोन दिवस आधी करायचा, त्याच दिवशी नाही.

थाप कामचं शाकाहारी रूप भारतात फार सोप्पं आहे कारण पाकवलेला कोहळा म्हणजे आपल्याला मिळणारा पेठा, सुका घ्या, अंगुरी नको. १२० ग्रॅम पेठा बारीक चिरून, भाजलेले काजू आणि मगज बी प्रत्येकी ६० ग्रॅम, भाजलेले तीळ ४० ग्रॅम, लिंबाची चार-पाच कोवळी पानं शीर काढून केसासारखी बारीक चिरून (हे विसरू नका, त्या पानांशिवाय थाप काम नुसती चिक्की वाटते), तीन-चार चमचे पाक आणि भाजलेलं चिकट पीठ ४० ग्रॅम, मूठ वळेल इतपत. पारंपरिक कृतीत गुलाबाच्या वासाची एक दारू पडते, तिच्या जागी गुलाबपाणी चमचाभर. कमळाच्या बियांचं सारण करायचं असेल तर मखाणे आणून बसू नका, ती वेगळी वनस्पती आहे. सोललेल्या कमळबिया हव्यात आणि प्रत्येक बी उघडून आतला हिरवा कोंब काढायचा, तो कडूजहर असतो.

अंडं चालत असेल तर मध्ये खारवलेलं बदकाचं पिवळं, कापल्यावर तोच पौर्णिमेचा चंद्र. बदकाची अंडी तीन-चार आठवडे घट्ट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग फक्त पिवळं घेऊन आल्याच्या रसात आणि थोड्या दारूत धुवायचं, दहा मिनिटं वाफवायचं.

केक झाले, आता ताट, खरं काम. मोठी परात किंवा बांबूची गोल सूप-टोपली घ्या. पाच प्रकारची फळं असावीत असा संकेत आहे आणि इथे आपली चंगळ आहे, कारण सीताफळ, पेरू, डाळिंब, केळी, ड्रॅगन फ्रूट ही तिथलीच नेहमीची फळं, आपल्याकडेही त्याच सुमारास मिळतात. हनोईत त्यात केशरी पर्सिमन हवंच, मिळालं तर ठेवा. आणि पपनस. पपनसाशिवाय ताट नाही. कोकण-गोव्याकडच्यांना शोधावं लागणार नाही, गणपतीच्या माटोळीला जे पपनस टांगतात तेच हे, नाव काहीही घ्या, तोरंजन घ्या.

त्या पपनसाचा कुत्रा करतात. झिपरा, पांढरा, गुबगुबीत. मुलांना केकपेक्षा यात जास्त रस असतो, आणि करायला मोठ्यांची गरज लागते त्यामुळे सगळे एकत्र बसतात. कसा करायचा: दोन पपनसं, शक्यतो एक पांढऱ्या गराचं आणि एक गुलाबी. साल चार चिरा देऊन अखंड काढा. फोडी वेगळ्या करा, प्रत्येक फोडीच्या पोटाकडून पापुद्रा सोलून पाठीकडे उलटा दुमडा, पण पाठीचा तोडायचा नाही, म्हणजे आतल्या रसाच्या कळ्या पंख्यासारख्या बाहेर फुलतात, तीच कुत्र्याची लव. अंगासाठी जाड गाजर किंवा लांबट भोपळ्याचा तुकडा, डोक्यासाठी छोटा बटाटा, टूथपिकने जोडा. मग शेपटीकडून सुरू करून फोडी टूथपिकने टोचत पुढे यायचं, कौलं घालतात तशी प्रत्येक पुढची ओळ मागच्या ओळीचं मूळ झाकेल अशी. कानाला लांब दोन फोडी. डोळ्यांना लवंगा किंवा काळे वाल, जिभेला लाल मिरचीचं टोक. मिरची सगळ्यात शेवटी लावायची आणि खायच्या आधी मोठ्यांनीच काढायची, लहान मुलं तेच आधी तोंडात घालतात. टूथपिक मोजून लावा आणि खाताना मोजून काढा. कळी फुटली की रस गळायला लागतो, त्यामुळे कुत्रा संध्याकाळी ताट मांडायच्या तासभर आधी करा.

बिया टाकू नका. जुन्या घरांत पपनसाच्या बिया सोलून तारेत ओवतात, दोन-तीन आठवडे उन्हात वाळवतात आणि त्या रात्री पेटवतात, बियांत तेल असतं, तडतड करत जळतात आणि वास फार छान येतो. म्हणजे त्यासाठी एक पपनस आधीच खावं लागेल. पेटलेली तार पक्कडीत मोठ्यांनीच धरायची हे सांगायला नकोच.

ताटातल्या कोमबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण हनोईकरांसाठी हीच सणाची खरी चव आहे आणि बाहेरच्यांना कोणी सांगतच नाही. कोम म्हणजे चिकट भाताच्या कोवळ्या लोंब्या, दाण्यात अजून दूध असतानाच कापायच्या, लोखंडी कढईत मंद भाजायच्या, मग कुटायच्या, पाखडायच्या, परत कुटायच्या, असं कितीतरी वेळा, शेवटी हिरवट, मऊ, चपटे दाणे हातात येतात. हनोईच्या वोंग गावाचा कोम सगळ्यात नावाजलेला, गाव आता शहरात गिळलं गेलंय पण नाव टिकून आहे, आणि मे ची भागात अजून करतात. सकाळी खांद्यावर कावड घेतलेल्या बायका विकतात, कमळाच्या पानात पुडी बांधून वर भाताच्या काडीची गाठ. खायचा चमच्याने नाही, तीन बोटांत चिमूट घेऊन, हळू चावत, सोबत सालीवर काळे ठिपके पडलेलं पिकलं केळं, केळं कोमात टेकवून खायचं. एक-दोन दिवसांत संपवावा लागतो. भारतात मिळत नाही, आणि कृपा करून पातळ पोह्यांना हिरवा रंग लावून ताटात ठेवू नका, तो कोमचा अपमान आणि पोह्यांचापण. त्याऐवजी ती जागा केळ्यांच्या फणीला द्या, ताट अडत नाही.

मांडणी: मधोमध कुत्रा, त्याच्या मागे टेकू म्हणून अख्खं पपनस, बाजूला केक, नुओंग आणि झेओ जोडीने, पुढे छोटी फळं. काही घरांत कागदाचा एक बाहुला ठेवतात, पूर्वीच्या परीक्षा पास झालेल्या पंडिताचा, म्हणजे मुलगा शिकावा. मुलांसाठी बाजारात डुकराच्या आकाराचे छोटे केक बांबूच्या पिंजऱ्यात घालून मिळतात, ते तर ठेवाच. हनोईला असाल तर हे सगळं हांग मा गल्लीत, पण सणाच्या आदल्या दोन-तीन रात्री तिथे जाऊ नका, मुंगीला वाट नसते. सकाळी नऊच्या आत जा. सायगॉनला चो लोन भागात लुओंग न्हू होक रस्ता कंदिलांसाठी प्रसिद्ध आहे.

कंदील पाच कोनी चांदणीचा, देन ओंग साव. घरी करायला ४० सेंटीमीटरच्या दहा कामट्या लागतात. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, जिथे कामट्या एकमेकींवरून जातात त्या प्रत्येक जागी दोऱ्याने घट्ट, मग दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. आतल्या पाच कोपऱ्यांत आठ-दहा सेंटीमीटरचे तुकडे आडवे अडकवले की चांदणी मधून फुगते. त्यावर लाल-पिवळा जिलेटीन पेपर, खळ लावून ताणून, पण तळाची जागा उघडी. पूर्वी आत मेणबत्ती असायची आणि दरवर्षी दोन-चार कंदील जळायचेच, आता बॅटरीचा दिवा टाका. विकतचे प्लास्टिकचे गाणं म्हणणारे कंदील पण सगळीकडे दिसतात, एकच ट्यून, तीन तास. मी त्यातली बॅटरी काढून देते.

संध्याकाळचा क्रम असा. अंधार पडायच्या आत ताट आधी घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, उदबत्ती लावून. तुमच्याकडे ती पद्धत नसेल तर सोडा, पण ताटाला लगेच हात लावू द्यायचा नाही, वाट बघायला लावण्यातच अर्धी मजा आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो पण इमारतींच्या वर यायला तास-दीड तास जातो. तोपर्यंत मुलं कंदील घेऊन गल्लीत फेरी मारतात, ढोल वाजतात, सिंहाचा नाच असतो आणि त्याच्यापुढे गोल हसऱ्या मुखवट्याचा पोटल्या ओंग दिया पंखा हलवत नाचतो.

वाट बघताना चू कुओईची गोष्ट सांगा. लाकूडतोड्या होता, त्याला मेलेल्याला जिवंत करणारं वडाचं झाड सापडलं, घरी आणून लावलं, बायकोला बजावलं की याला घाण पाणी घालायचं नाही. तिने घातलं. झाड मुळासकट उपटून आकाशात निघालं, हा मुळांना लोंबकळला आणि झाडासकट चंद्रावर पोचला, अजून तिथेच बसलाय वडाखाली. चंद्रावरचे डाग दाखवून सांगतात. चंद्रावर राहणाऱ्या चांगआ देवीची गोष्टपण आहे, इथे तिला ची हांग म्हणतात, ताई म्हणून, पण पोरांना कुओईच आवडतो.

चंद्र दिसला की फा को. केक आख्खा कुणाला देत नाहीत, सहा किंवा आठ फोडी करायच्या, सुरीला तेल लावून, प्रत्येक काप पुसून. सोबत चहा, बिनसाखरेचा, बिनदुधाचा, जमलं तर कमळाच्या वासाचा हिरवा. दुधाचा चहा ठेवलात तर दोन घासांत तोंड गोड होऊन बसतं आणि आठ फोडीतल्या सहा उरतात. कुत्र्याचं आधी कोण काय खाणार यावर भांडण होतं, डोकं कोणालाही तोडवत नाही, ते शेवटी राहतं.

भेट द्यायची असेल तर पौर्णिमेच्या आधी द्या, आठवडाभर आधी दिली तर उत्तम. चार केकचा बॉक्स असतो नेहमी. सासर, मुलांच्या शिक्षिका, बॉस, घरमालक, एवढ्यांना जातोच. सणानंतर दिलेला केक म्हणजे सेलमधून आणला असं सगळे समजतात, कारण दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरच्या लाल स्टॉलवर एकावर दोन-तीन फुकट अशा पाट्या लागतात. स्वतःच्या घरी खायला मात्र बिनधास्त तेव्हाच घ्या, तारीख बघून. हनोईत थुई खुए रस्त्यावरच्या बाओ फुओंग बेकरीचे हवे असतील तर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, सणाच्या आठवड्यात ती रांग फुटपाथभर असते.

उरलेल्या नुओंगचं काय करायचं हे पण विचारतात. कापून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, तेल-तूप नको, त्याचंच सुटतं, कडा कुरकुरीत होतात आणि ताज्यापेक्षा मला तर तेच जास्त आवडतं. झेओ कडक झाला असेल तर पाच मिनिटं वाफवा आणि लगेच संपवा, दुसऱ्यांदा वाफवला की खळ होतो.